गणित काढलं तर खेळ उरतो का?

मुलांना घरीच शिकवतो म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, "का ओ, शाळेनं काढलं काय?" दुसरा, "मग दहावीचं कसं?" हे दोन्ही पचले की तिसरा, जरा जवळ सरकून, "कम्प्युटरवर काय घेतलंय पोरांना? वर्षाला किती पडतं?"

पहिल्याचं उत्तर "नाही" एवढंच आहे. दुसऱ्याचं असं, की केंद्राच्या मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते, आणि राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्याही पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षा असतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा मला अधूनमधून आठवण करून देतात, की शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्याला महिना एक रुपया दंड होता. "तुझ्याकडनं महिन्याला दोन रुपये येणं लागतंय," म्हणतात. मुलं दोन, रुपये दोन. हिशोब चोख आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चहाच्या एका कपात संपत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आमची मुक्ता दहा वर्षांची, शंभू सातचा. मंगळवार पेठेत घर. नवऱ्याचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. मी पूर्वी एका पतसंस्थेत होते, आता मुलांचं बघून घरातूनच दोन-तीन दुकानांचं जीएसटीचं काम करते. म्हणजे वर्षाला पंचवीस-तीस हजारांचं पॅकेज आमच्या खिशात बसणारं नव्हेच. तरी एका नावाजलेल्या ॲपचा माणूस टॅब घेऊन घरी आला होता. सोफ्यावर टेकला, पाणी प्यायला आणि मुक्ताला म्हणाला, "बेटा, सतरा चोक... नाही, सतरा गुणिले चौदा किती?" मुक्ता बोटांवर मोजायला लागली. तो माझ्याकडे "बघितलंत ना मॅडम" असं बघायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "दोनशे अडतीस! भाकरी घेणार काय?" त्यानं टॅब बंद केला. आईंना त्यांच्या मास्तरांनी पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) सगळं घोकून घेतलेलं आहे, त्यात सतरा चौदे म्हणजे काहीच नव्हे.

जावेकडचा किस्सा यापेक्षा महागाचा. लहान मुलांचं एक ॲप, पहिला महिना एक रुपया, आणि पुढे वर्षाची रक्कम एकदम खात्यातून वजा. अशा ऑटोपेच्या आधी किमान २४ तास सूचना पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे. सूचना आलीही होती, पण दिवसभरात येणाऱ्या शंभर मेसेजमध्ये ती कोण वाचतंय! यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) असा विभाग असतो. तिथे जाऊन काय काय चालू आहे ते आजच बघा, आणि नको ते बंद करा. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणून मँडेट थांबत नाही.

आता माझी कसोटी. ती एकच आहे. खेळातून गणित काढून घ्या, किंवा जे काही शिकवायचं म्हणतात ते काढून घ्या, आणि बघा खेळ उरतो का. उरला, तर तो नापास. गाडी पळते आहे, मध्येच थांबते, "६ × ४ = ?" विचारते, चार पर्याय देते, बरोबर बटण दाबलं की पुन्हा पळते. यातलं ६ × ४ काढलं तर गाडीला काही फरक पडतो का? उलट बरीच पळते. म्हणजे तिथे गणित म्हणजे टोलनाका. आणि टोलविरोधात रस्त्यावर उतरून तो बंद करून घेतलेलं गाव आहे हे, इथली पोरं टोल कसा चुकवायचा ते पोटातूनच शिकून येतात. शंभूनं असल्या खेळात काय केलं, तर प्रश्न वाचायचाच नाही, चारही पर्याय वरून खाली दाबत जायचे, हिरवं झालं की पुढं. त्याला सहा चोक अजूनही आला नाही, पण गाडी मात्र चौदाव्या लेव्हलला पोचली होती.

या कसोटीला उतरणारे खेळ शोधताना एक गोष्ट कळली, की त्यातले बहुतेक फुकट आहेत. जाहिरातीवालं फुकट नव्हे. जगभरच्या मंडळींनी मिळून लिहिलेले, कुणीही वापरावेत आणि वाटावेत अशा परवान्याचे. त्यामुळे आमचा खर्च जो झाला तो यंत्रावर. राजारामपुरीतल्या एका दुकानातून ऑफिसमधून निघालेला जुना लॅपटॉप घेतला, साडेनऊ हजारांना. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि असले बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून असा माल भरपूर आहे. घासाघीस करा. जुनी हार्ड डिस्क काढून त्यात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारा वेगवान साठा) घालून घ्या, तो खर्च वाया जात नाही. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "वहिनी, विंडोज टाकून देतो की, क्रॅक, पैसे नकोत." चोरीची प्रत नको म्हणून मी विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स मिंट टाकून घेतलं. पुढं सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव टाइप करायचं, इन्स्टॉल दाबायचं. बस.

सगळ्यात आधी टक्समॅथ. दिसायला अगदी जुनाट. आकाशातून धूमकेतू खाली येतात, प्रत्येकावर एक गणित लिहिलेलं, खाली पेंग्विनांची बर्फाची घरं. उत्तर टाइप करून एंटर मारलं की मधला पेंग्विन तो धूमकेतू उडवतो. उत्तर आलं नाही तर घर वितळतं. पर्याय नाहीत, त्यामुळे तुक्का चालत नाही. गणित काढून टाका, हातात बंदूकच राहात नाही. चुकलेली गणितं ठेवणीत जातात आणि पुन्हा येतात. मुक्ताचं ७ × ८ पुन्हा पुन्हा यायचं, आणि दर वेळी ती खुर्चीत उभी राहून ओरडायची, "आला बघ मुडदा परत!" सेटिंगची एक साधी मजकुराची फाइल असते, ती उघडून कुठले पाढे विचारायचे ते आपण ठरवू शकतो. मी काही दिवस फक्त सात, आठ, नऊ ठेवले होते. आईंनी चष्मा लावून एकदा पाहिलं आणि विचारलं, "यात अडीचकी न्हाई?" नाही. ती आईंकडूनच घ्यावी लागते.

शंभूसाठी जीकॉम्प्री. हा २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेला प्रकल्प, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, आणि आत दीडशेच्या वर लहान लहान खेळ. खरं सांगायचं तर सगळे सारखे चांगले नाहीत. काही चित्रं बघून पोरं तोंड फिरवतात, आणि नुसतं जोड्या जुळवण्याचे जे आहेत ते कागदावरही होतात. पण काही मात्र नाद खुळा. एकात कालव्यातून बोट न्यायची असते. दोन्ही बाजूंना पाण्याची पातळी वेगळी, मध्ये कप्पा, त्याला दोन दारं आणि दोन झडपा. आधी झडप उघडून पाणी समान करायचं, मगच दार उघडतं. शंभू पहिल्यांदा दारावरच क्लिक करत सुटला. दार ढिम्म. मी शेजारी भाजी निवडत होते, काही बोलले नाही (हे सगळ्यात अवघड). मग चुकून झडप दाबली गेली, पाणी चढलं, आणि तो थांबला. पुन्हा झडप बंद, पुन्हा उघड. पाणी वर, पाणी खाली. बोट विसरून गेला. नंतर रात्री जेवताना बापाला विचारतो, "राधानगरीचं दार आपोआप उघडतंय म्हणत्यात, मग तिथली झडप कोण दाबतंय?" राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांवर आमच्याकडे मग आमटी गार होईपर्यंत चर्चा झाली. बापानं ताटात चमचा आडवा ठेवून दाखवलं, की पाण्याचाच भार वाढला की दार कसं कलतं.

चित्रांसाठी टक्स पेंट, त्याचा मेनू मराठीत करता येतो, यापेक्षा जास्त सांगायला नको. लावून द्या आणि बाजूला व्हा.

फेट, म्हणजे विज्ञान-गणिताचे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग (सिम्युलेशन्स), मात्र जरा सांगायला हवं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली हे सुरू केलं. ब्राउझरमध्ये चालतं, बरीचशी सिम्युलेशन्स मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात. यात गुण, लेव्हल, शाबासकी काही नाही. बॅटरी, वायर, बल्ब देतात आणि म्हणतात, जोडा. शंभूनं पाचव्या मिनिटाला बॅटरीची दोन्ही टोकं सरळ वायरनं जोडली आणि स्क्रीनवर बॅटरीला आग लागली. त्याचा आनंद गगनात मावेना. नवरा म्हणाला, हे बरंय, वर्कशॉपमध्ये करण्यापेक्षा इथं करू दे. मुक्तानं अपूर्णांकाचं घेतलं. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे तिला तोंडपाठ होतं, पण सहा अष्टमांशही तेच हे तिनं तुकडे सरकवून सरकवून स्वतः पाहिलं.

पण आमच्या घरात सगळ्यात जास्त गाजलं ते स्टेलॅरियम. हा तसा खेळ नाहीच, आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. एफ सिक्स दाबून ठिकाण टाकायचं: अक्षांश १६.७, रेखांश ७४.२. एफ फाइव्हनं तारीख-वेळ. झेड दाबलं की दिशांच्या अंशांची जाळी येते.

नोव्हेंबरात आम्ही किरणोत्सव बघायला अंबाबाईच्या देवळात गेलो होतो. बाहेरच्यांसाठी सांगते: देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग नसतील आणि वाटेत कुणी मजला चढवला नसेल तर. मुक्ताला गर्दीत काही दिसलं नाही, आणि घरी येताना तिची भुणभुण सुरू झाली: वर्षातनं दोनदाच का? आणि नोव्हेंबरनंतर एकदम जानेवारीतच का?

मला नेमकं सांगता आलं असतं असं नाही. मी लॅपटॉप उघडून दिला. १० नोव्हेंबर, संध्याकाळ. तिनं वेळ पुढं पुढं नेत सूर्य क्षितिजाला टेकवला आणि आकडा वाचला: साधारण २५२ अंश. पश्चिम म्हणजे २७०, दक्षिण १८०. "म्हणजे पश्चिमेला मावळतच न्हाई की!" ही पहिली बोंब. मग ती एकेक दिवस पुढं जायला लागली. सूर्य रोज थोडा थोडा डावीकडे, दक्षिणेला. २५०. २४८. डिसेंबरच्या विशीत तो २४५-२४६ च्या आसपास जाऊन घुटमळला. तिथं ती पण घुटमळली. बटण दाबतेय, तारीख बदलतेय, सूर्य हलतच नाही. मला वाटलं कंटाळली. पुन्हा बटण. आणि मग सूर्य उलटा फिरला. २४६, २४८, २५०... तिनं वेग वाढवला, तारखेकडे बघणंच सोडलं, फक्त अंश बघत होती, आणि २५२ आल्याबरोबर थांबून तारीख वाचली. १ फेब्रुवारी.

आईंना हाक गेली, बापाला वर्कशॉपवर फोन गेला. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस मोजले: १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवस. "जाताना एकदा देवीला भेटतोय आणि येताना एकदा," असा तिनं निष्कर्ष काढला. आई म्हणाल्या, "आम्ही जन्मभर गर्दीत टाचा उंच करून बघितला, आणि हिनं पलंगावर मांडी घालून." पण नंतर बराच वेळ त्याच तिच्याशेजारी बसून आपल्या जन्मतारखेचं आकाश बघत होत्या.

आता स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानं २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलेलं, ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम लिहायचं साधन. लिनक्ससाठी त्याचं अधिकृत ऑफलाइन ॲप नाही, आम्ही टर्बोवार्प हे त्याचंच दुसरं रूप वापरतो, ठोकळे तेच. मुक्तानं यात पंचगंगेच्या पुराचा खेळ केला. पावसाळ्यात आमच्या घरी सकाळी उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात, तसं निम्म्या कोल्हापुरात विचारत असतील. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं आणि शिरोलीजवळ हायवे बंद होता, तेव्हा ती लहान होती, पण गोष्टी ऐकून ऐकून तिला सगळं पाठ आहे. खेळात 'पाणी' नावाचं चल (बदलत राहणारा आकडा), सुरुवात ३० वर, दर थोड्या वेळानं एक ते तीन फुटांनी काहीतरी वाढणार. आपण बोटीनं माणसं, म्हशी आणि एक कुत्रं उचलून वर न्यायचं. ३९ ला पिवळी पट्टी, ४३ ला सायरन.

सायरन कधी वाजायचा, कधी वाजायचाच नाही. तिनं ठोकळे काढून पुन्हा लावले, आवाजाची फाइल बदलली, स्पीकरवर राग काढला. बापानं डोकं घातलं, त्यालाही दिसेना. शेवटी पाण्याचा आकडा स्क्रीनवर मोठा करून ती नुसती बघत बसली. ४०, ४२, ४४. "मम्मी! ते ४३ झालंच न्हाई! उडी मारून गेलं!" तिनं अट घातली होती पाणी बरोबर ४३ असेल तर वाजव. पाणी ४२ वरनं ४४ वर गेलं की अट कधी खरीच होत नाही. बरोबरच्या जागी मोठं-आहेचं चिन्ह घातलं, ४३ चं ४२ केलं, आणि सायरन असा वाजला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. तीच भानगड ३९ लाही असणार हे तिचं तिनंच ताडलं आणि तेही बदललं. माझ्या कसोटीनं बघायला गेलं तर इथे काय काढायचं नि काय ठेवायचं हेच सांगता येत नाही.

आणि कसोटी सोडून एक खेळ आमच्याकडे आहे, लुआंटी, ज्याला पूर्वी माइनटेस्ट म्हणायचे. ठोकळ्यांचं जग, खणा आणि बांधा. शंभूनं त्यात रंकाळा खणलाय, मध्ये संध्यामठ, आणि कडेला भेळेच्या गाड्यांची रांग. यातून तो काय शिकतो असं मला विचारलं जातं. मी विचारत नाही. पोरगं दिवसातला काही वेळ निव्वळ खेळलं पाहिजे की नको?

उणीव आहे ती मराठीची. मराठी वाचन, शब्द, जोडाक्षरं यांचा खेळ म्हणावा असा खेळ मला अजून सापडला नाही. जे आहे ते अ अननसाचा, त्यावर क्लिक केलं की अननस नाचतो. म्हणून मराठीसाठी कम्प्युटरवर फक्त दोन गोष्टी: ई-बालभारतीची पुस्तकं, आणि बालभारतीच्याच 'किशोर' मासिकाचे जुने अंक, जे १९७१ पासूनचे नेटवर मोफत वाचता येतात. त्यातली कोडी मुक्ता सोडवते, शंभू चित्रं बघतो. बाकी करवीर नगर वाचन मंदिर आहेच, १८५० पासून उभं आहे, आणि तिथं चार्जिंग लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर ते प्रत्येकानं आपलं ठरवावं. आमच्याकडे लॅपटॉप स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत असतो, दरवाजा उघडा, आणि पोर एकटं बसत नाही. वर सांगितलेल्या एकेका गोष्टीत कुणीतरी शेजारी होतं हे तुमच्या लक्षात आलं असेल. आई होत्या, नवरा होता, भाजी निवडत मी होते. हा खर्च कुठल्या पॅकेजात धरलेला नसतो, आणि ज्या घरात दोघंही दिवसभर बाहेर आहेत तिथं तोच सगळ्यात जड आहे, हे मला मान्य आहे.

कुणाला हवं असेल तर यातलं बहुतेक सगळं आमच्याकडे एका पेनड्राइव्हवर आहे. मुक्त परवान्याचे खेळ एकानं दुसऱ्याला देण्यात काही गैर नाही, ते त्यासाठीच तसे ठेवलेत. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट अँड्रॉइडवर घ्यावेत, आणि एखादा जुना टॅब असेल तर त्यावर पाच ते सात वर्षांच्या पोराला स्क्रॅच ज्युनिअर द्यावं, कारण लहान स्क्रीनवर ठोकळे बोटाखाली दडतात. आणि फोन किंवा टॅब हातात देण्याआधी एरोप्लेन मोड लावा. हे तिन्ही खेळ नेटशिवाय चालतात, आणि मध्येच कुणाचा फोन आला म्हणून बोट बुडत नाही.